वाढत्या संस्थेचे नियोजन : काय वाढवावे, काय राखावे



संस्था लहान असते तेव्हा तिचा कारभार परस्परपरिचयावर चालतो. हिशेब संस्थापकाला तोंडपाठ असतो, ग्राहक ओळखीचा असतो आणि झालेली चूक सायंकाळपर्यंत ध्यानात येते. कार्यविस्तार होऊ लागला की ही सोय संपते आणि नेतृत्वाची कसोटी सुरू होते. विस्ताराची योजना आखताना नवी शाखा, नवे भांडवल, नवी यंत्रे यांची चर्चा होते. विस्तारानंतरही काय बदलू द्यायचे नाही, याचा विचार मात्र बहुधा राहून जातो.

या दृष्टीने ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या संस्थेची वाटचाल अभ्यासण्याजोगी आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटण्यास प्रारंभ केला. समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले ८० रुपये हेच भांडवल. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली.

पहिले संकट पावसाळ्याचे. ऊन नाही म्हणून पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी या भगिनींनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. काम पावसातही सुरू राहिले. काम नेमके कोठे अडते हे ओळखून तेवढीच गाठ सोडविणे, हे नियोजनाचे पहिले सूत्र होय.

दुसरी अडचण यशातूनच उद्भवली. तिसऱ्या वर्षी सदस्यांची संख्या तीनशेवर गेली आणि जागा अपुरी पडू लागली. मोठी शेड बांधण्याचा मार्ग कोणालाही सुचला असता. संस्थेने वेगळा विचार केला. पीठ केंद्रात मळायचे, भगिनींनी ते घरी नेऊन पापड लाटायचे आणि वाळलेले पापड तपासणीसाठी केंद्रात आणून द्यायचे. चव ज्यावर अवलंबून ते पीठ आणि प्रतिष्ठा ज्यावर अवलंबून ती तपासणी, या दोन्ही गोष्टी केंद्राने स्वतःकडे ठेवल्या. लाटण्याचे काम घरोघरी सोपविले. भांडवल भिंतींत अडकले नाही आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रीला रोजगार तिच्या उंबरठ्याच्या आत मिळाला. काय हाती ठेवावे आणि काय विश्वासाने सोपवावे, याचा इतका स्पष्ट निवाडा मोठमोठ्या उद्योगांतही क्वचितच आढळतो.

तिसरा निर्णय दर्जाचा. आरंभी दोन प्रतींचे पापड होत. हलकी प्रत स्वस्तात विकली जाई. एकच उत्तम प्रत करा, दर्जात तडजोड नको, असा सल्ला छगनबापांनी दिला आणि तो पाळला गेला.

चौथा निर्णय स्वामित्वाचा. येथे मालक आणि मजूर असा भेद नाही. प्रत्येक सदस्य भगिनी सहस्वामिनी आहे आणि शाखेच्या संचालिकाही त्यांच्यातूनच पुढे येतात. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली, पण ही घडी विस्कटली नाही. पुढे सदस्यसंख्या चाळीस हजारांच्या पलीकडे गेली. आरंभीच्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री घोषित झाली.

पतसंस्था असो, शाळा असो वा लघुउद्योग, अनेक संस्था दुसऱ्या पिढीत खुंटतात. प्रत्येक निर्णय संस्थापकाच्या टेबलावरूनच गेला पाहिजे, हा आग्रह त्यामागे असतो. अशा ठिकाणी दुसरी फळी तयार होत नाही. होतात ते केवळ आज्ञाधारक. संस्थापक थकला की संस्थाही थकते.

म्हणून दुसरी शाखा उघडण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. संस्थेची ओळख कोणत्या एका गोष्टीवर टिकून आहे? कोणते काम आजच इतरांकडे सोपविता येईल? आणि संस्थापक सहा महिने अनुपस्थित राहिला, तर निर्णय कोण घेईल? तिसऱ्या प्रश्नापुढे एखादे नाव लिहिता येत नसेल, तर शाखेचा मुहूर्त पुढे ढकलावा आणि आधी ते माणूस घडवावे.