शेवटच्या पाळीचा पहारा



सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले; त्यांची आठवण सांगणारा स्तंभ तिथे उभा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातली सैनिक टाकळीही अशीच फौजी माणसांची. अशा गावांतून लढाईत पडलेल्यांची नावे दगडावर कोरलेली असतात आणि शाळेतली मुले पंधरा ऑगस्टला तिथे फुले वाहतात. ते योग्यच आहे. पण जो लढाईतून धडपणे परत आला, पेन्शन घेऊन शेती केली, नातवंडे खेळवली आणि आता असाध्य दुखण्याने खाटेला खिळला, त्या शिपायाचे काय? आज मला त्याच्याविषयी आणि त्याच्या जुन्या सोबत्यांविषयी बोलायचे आहे.

समजा, एका गावात असा एक निवृत्त हवालदार आहे. वय पंचाहत्तरीच्या पुढे. डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरच्या वेढ्यात तो मराठ्यांच्या जंगी पलटणीत होता. आता त्याला पोटाचा कर्करोग आहे. डॉक्टरांनी सांगितले, "हा रोग आता हटायचा नाही. घरी न्या, सुखात ठेवा." मुलगा पुण्याला कारखान्यात. उशाशी बायको एकटी.

पहिल्या आठवड्यात सारे गाव समाचाराला येते. येणारा दारातूनच विचारतो, "काय म्हणतात डॉक्टर?" मग याच रोगाने आपल्या पाहुण्यांत कोण कसा गेला, ते रोग्याच्या देखत सांगतो. कुणी काढा सुचवतो, कुणी देवस्थान. चहा होतो. घरची बाई चुलीपासून खाटेपर्यंत हेलपाटे घालते. दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरते. तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता हवालदार कण्हतो, तेव्हा त्या घरात जागे असे एकच माणूस असते, आणि तेही झोपेने मोडून आलेले.

समाचार घेणे वेगळे आणि सोबत करणे वेगळे. समाचार दिवसा, गर्दीने आणि एकदाच घेतला जातो. सोबत रात्री लागते, एकट्याने करायची असते आणि रोज करायची असते.

आता पाहा, ही रोजची सोबत कशी करावी हे माजी सैनिकांना शिकवावे लागत नाही. पहारा कसा देतात हे त्यांना ठाऊक आहे. दोन तास पहारा, चार तास आराम. आणि पुढचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. गावात आणि शेजारच्या वाड्यांवर मिळून सहा-सात माजी सैनिक असले, तरी पाळ्यांचे पत्रक सहज तयार होते. कोण कोणत्या रात्री, कोण औषध आणणार, कोण गाडी करून दवाखान्यात नेणार, हे कागदावर लिहून भिंतीला लावावे. वहिनींना रात्री सहा तास सलग झोप मिळाली, तर निम्मे काम झाले असे समजा.

उशाशी बसून करायचे काय? कामे साधी आहेत. दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. ओठ सुकले तर ओल्या बोळ्याने टिपायचे. जेवणाचा आग्रह करायचा नाही. शेवटच्या दिवसांत शरीरच अन्न मागत नाही, आणि बळेबळे पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाते. आणि एक दिवसाआड दाढी करून द्यायची. हे तुम्हाला किरकोळ वाटेल. पण ज्या माणसाने उमेदीची सारी वर्षे रोज सकाळी दाढी करून हजेरी दिली, त्याला खुंट वाढलेल्या तोंडाने पाहुण्यांसमोर पडून राहणे फार जड जाते.

वेदनेबद्दल थोडे स्पष्ट सांगितले पाहिजे. शिपाई माणूस "दुखत नाही" म्हणतो. त्याला तशीच सवय लागलेली असते. म्हणून सोबत्यानेच म्हणावे, "हवालदार, इथं कुणी मेडल देत न्हाई. दुखतंय तर सांग." कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे जुने आणि खात्रीचे औषध आहे. ते अफूपासून होते, आणि आपल्याच देशात मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. तरीही १९८५ च्या कडक कायद्यामुळे हे औषध ठेवणे रुग्णालयांना पुष्कळ वर्षे अवघड झाले होते. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांतून त्याच्या गोळ्या देणे सोपे झाले. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत घेतले तर हे औषध माणसाला व्यसनी करीत नाही, की त्याचे मरण ओढून आणीत नाही. साध्या गोळ्या बहुधा चार-चार तासांनी द्यायच्या असतात. दुखू लागेपर्यंत थांबायचे नसते. हे काम घड्याळाचे आहे, म्हणजे पुन्हा पहारेकऱ्याचेच. बद्धकोष्ठ होते, त्यावरचे औषधही डॉक्टरांकडून बरोबरच मागून घ्यावे.

आता दुसरी गोष्ट. आपल्याकडे रोग्याला खरे सांगत नाहीत. "त्याला कळू देऊ नका" असे दारातच बजावतात. पण रोग्याला बहुतेक वेळा कळलेले असते, आणि सारे घर आपल्याशी नाटक करते आहे हेही कळलेले असते. तो बायकोला विचारत नाही, कारण ती रडेल. मुलाला विचारत नाही, कारण तो घाबरेल. तो विचारतो जुन्या सोबत्याला. "किती राहिलं रं?" त्या वेळी "तुला काय धाड भरलीय!" असे म्हणून विषय उडवू नये. म्हणावे, "दिवस तर डॉक्टरलाबी सांगता येत न्हाईत. पर आता थोडंच हाय. काय उरकायचं असंल ते सांग, आपुन उरकू." जितके विचारले तितकेच सांगावे, पण खोटे सांगू नये.

तिसरी गोष्ट घरच्यांना माहीत नसते. ज्याने लढाई पाहिली, त्याला शेवटच्या दिवसांत कधी कधी ती पुन्हा दिसू लागते. चाळीस-पन्नास वर्षे जे नाव तोंडातून निघाले नाही, ते झोपेत निघते. तो हाका मारतो, उठू पाहतो. घरचे म्हणतात, बाधा झाली. सोबत्याला मात्र ते नाव कुणाचे, हे ठाऊक असते. त्याने हात धरून एवढेच म्हणावे, "पोस्ट आपल्या ताब्यात हाय. मी जागा हाय. तू झोप." हे वाक्य घरात दुसरे कुणी म्हणू शकत नाही. अमेरिकेत २०१० पासून अशा अखेरच्या शुश्रूषेत माजी सैनिकाच्या उशाशी माजी सैनिकच स्वयंसेवक म्हणून बसवण्याचा उपक्रम चालतो, त्याचे कारण हेच.

या शुश्रूषेचे शास्त्र फार जुने नाही. सिसिली साँडर्स या बाई आधी परिचारिका होत्या, मग डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हे रुग्णालय काढले. मरणाऱ्याची वेदना केवळ देहाची नसते. मनाची, घरची आणि श्रद्धेचीही असते, हे त्यांचे सांगणे. मुंबईत १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले. केरळात १९९३ पासून कालिकतच्या डॉक्टरांनी हे काम घरोघर नेले, आणि पुढे तिथे शेजारीपाजारीच शिकून तयार झाले. शेजारी जर हे करू शकतात, तर एका खंदकात राहिलेली माणसे का करू शकणार नाहीत?

गावच्या शिक्षकांसाठीही यात काम आहे. कुटुंब पेन्शनच्या कागदांत पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, हे नवरा हयात असतानाच पाहिले पाहिजे. कागदात 'पार्वती' आणि आधारावर 'पारूबाई' असेल, तर मागाहून त्या विधवेला हेलपाटे पडतात. दुरुस्तीचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे ते ऑफिस बेळगावला आहे. २००३ पासून चालू असलेल्या ई.सी.एच.एस. योजनेचे कार्ड घरात असेल, तर पॉलिक्लिनिकमधून पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. हे सारे अर्ज लिहिणारा माणूस गावात बहुधा शिक्षकच असतो. आणि हवालदाराला बोलावेसे वाटत असेल, तर त्याच्या आठवणी एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याकडून वहीत उतरवून घ्याव्यात. त्यासाठी त्याला खोदून मात्र विचारू नये. त्याला सांगायचे असेल तेवढेच लिहावे.

मग एका पहाटे श्वास मंदावतो. त्या वेळी गलका करू नये. कान शेवटपर्यंत ऐकत असावा असे धरूनच बोलावे. पत्नीला जवळ बसवावे आणि सोबत्याने थोडे मागे सरावे. तिची जागा पहिली.

आणि तिरडी उठली म्हणजे पाळ्यांचे पत्रक भिंतीवरून काढू नका. आणखी महिनाभर ते राहू द्या. त्या घरात आता एक बाई एकटी आहे, आणि मृत्यूच्या दाखल्यापासून बँकेपर्यंत पुष्कळ चालायचे आहे. तेराव्यानंतर जो तिच्या दाराशी येऊन "वहिनी, आज कुठं जायाचं?" असे विचारील, तो हवालदाराचा खरा सोबती.

तुमच्या गावात असे एखादे घर आज असेल. हे वाचून झाले, की तिकडे एक फेरी मारा. चहा घेऊ नका. फक्त विचारा, रात्रीची पाळी कुणाची आहे? कुणाचीच नसेल, तर तुमचे नाव सांगून या.