‘सुहैली’चा मुका रेडिओ

मुंबईच्या कुलाबा भागातील एका कारखान्यात १९६३ साली सागवानी लाकडाच्या एका लहानशा नौकेचा कणा बसविण्यात आला. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. लांबी अवघी ३२ फूट, डोलकाठ्या दोन, नाव ‘सुहैली’. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे व्यापारी जहाजांवरील तरुण अधिकारी होते. याच नौकेतून ते १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातील फॅल्मथ बंदरातून एकटेच निघाले, आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतले. अशी अखंड प्रदक्षिणा एकट्याने करणारे ते पहिले. या पराक्रमाची वर्णने पुष्कळ झाली आहेत. त्या मानाने उपेक्षित राहिला तो नौकेवरचा रेडिओ.

सप्टेंबर १९६८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिणेकडील सागरात एका वादळाने ‘सुहैली’ला आडवे केले. केबिनमध्ये पाणी शिरले. त्याच सुमारास संदेश पाठविणारा प्रक्षेपक निकामी झाला. ऐकण्याचे यंत्र मात्र चालत राहिले. नाताळात, दक्षिण पॅसिफिक महासागरावर, अपोलो-८ मधून चंद्राभोवती फिरणाऱ्या तिघा अंतराळवीरांची वार्ता त्यांच्या कानी आली. पण आपण जिवंत आहोत एवढेही घरी कळविण्याचा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता.

ऐकू येते पण बोलता येत नाही, ही अवस्था लहान नौकांवर नेहमी आढळते, आणि तिचे कारण दर वेळी यंत्रातच असते असे नाही. समुद्रापासून शेकडो मैल दूर, रायपूरजवळच्या अभनपुरातील ट्रॅक्टरचालकालाही तिचा परिचय असतो. दिवे स्वच्छ लागतात, पण किल्ली फिरविताच नुसती टकटक होते आणि इंजिन हलत नाही. बॅटरीला दोष देण्यापूर्वी जाणता माणूस तिच्या टोकांवर जमलेला पांढरा थर खरवडून पाहतो. नौकेवर हेच काम हिरव्या गंजाने काळ्या पडलेल्या तांब्याच्या तारेत करावे लागते. समजा, एखाद्या सैल जोडाचा अडथळा अर्धा ओहम आहे. ऐकण्यासाठी अर्धा अँपिअर प्रवाह पुरतो, तेव्हा त्या जोडात केवळ पाव व्होल्ट खर्ची पडतो. बोलण्यासाठी दहा अँपिअर ओढावयाचे म्हटले, तर तेथेच पाच व्होल्ट जातात आणि बारा व्होल्टांच्या बॅटरीचे यंत्रापर्यंत सातच पोहोचतात. दिवा लागला म्हणजे जोड निर्दोष, हा समज येथे फसवा ठरतो. व्होल्टमापकाचा काटा यंत्र स्वस्थ असताना पाहून उपयोग नाही. प्रक्षेपक चालू करून, भार पडलेला असतानाच तो पाहावा लागतो.

म्हणून शोध बॅटरीपासून सुरू होतो आणि तारेबरोबर एकेक जोड पुढे सरकतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, नाहीतर दोष कशाने गेला हे कळत नाही आणि तो परत येतो. शेवटी एरियलपाशी पोहोचावे. तेथे चिनीमातीच्या अलगकावर मिठाचा ओलसर थर साचला, तर यंत्राची शक्ती आकाशात न जाता दोरखंडांवाटे पाझरून जाते. गोड्या पाण्याने पुसलेले एक फडके तेथे तज्ज्ञाचे काम करते! हे सारे करावयाचे ते हेलकावणाऱ्या केबिनमध्ये, एका हाताने आधार धरून. कोणती तार कोठून गेली आहे हे अगोदरच ठाऊक असणाराच तेथे टिकतो. गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी ‘म्हादई’ बांधली, तेव्हा कमांडर दिलीप दोंदे त्या बांधणीच्या कामात सोबत होते. १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले.

नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हिकमतीला तर तोड नाही. बॅटरी भरणाऱ्या लहान इंजिनाच्या मॅग्नेटोची फट नेमकी बसवावयाची होती, आणि ती मोजण्याची पट्टी हरवलेली. त्यांनी जवळच्या पुस्तकाची पाने मोजली: एका इंचात दोनशे. म्हणजे एक पान इंचाच्या पाच सहस्रांशाइतके जाड; तीन पाने धरली की झाले. डाख लावावयास धातू उरला नाही, तेव्हा दिव्यांच्या जादा बल्बांच्या बुडाशी असलेले थेंब वितळवून तो मिळविला. प्रक्षेपक मात्र अखेरपर्यंत बोलला नाही. नोव्हेंबरात न्यूझीलंडचा किनारा सोडल्यावर साडेचार महिने जगाला त्यांची वार्ता नव्हती. ६ एप्रिल १९६९ रोजी अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाला त्यांनी दिव्याची उघडझाप करून आपले नाव कळविले, आणि ते लंडनला पोहोचले.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचे गृहस्थ होते. त्यांचा जन्म १९३२ साली भारतातच झाला होता. ते व्यवसायाने विद्युत्-उपकरणांचे जाणकार. रेडिओवरून दिशा शोधणारे यंत्र ते स्वतः बनवून विकीत. त्यांच्या नौकेत रंगीबेरंगी तारांचे जुडगे केबिनभर फिरविलेले होते. नियोजित संगणकाच्या जागी त्या तारा येऊन नुसत्याच थांबत. घाईत निघाल्यामुळे काम अपुरे राहिले होते. नोव्हेंबर १९६८ मध्ये गळक्या झाकणातून पाणी जनित्रावर गेले. ते त्यांनी मोठ्या कष्टाने सुकवून चालू केले. पुढे मात्र याच जनित्राची सबब सांगून ते कित्येक आठवडे मूक राहिले, आणि अटलांटिकमध्येच रेंगाळत असताना पृथ्वीप्रदक्षिणेचा आभास निर्माण केला. जून १९६९ मध्ये त्यांचा प्रक्षेपक खरोखरच बिघडला. सुट्या भागांच्या पसाऱ्यात बसून त्यांनी तो मोर्सच्या कडकट्टापुरता दुरुस्तही केला. कसब नि:संशय उच्च प्रतीचे होते. पण कळविण्याजोगे खरे असे त्यांच्यापाशी फार थोडे उरले होते. १० जुलै १९६९ रोजी त्यांची नौका रिकामी सापडली.

शर्यत पुरी करणारे नॉक्स-जॉन्स्टन एकटेच होते, त्यामुळे सर्वांत जलद प्रवासाचे पाच हजार पौंडही त्यांनाच मिळाले. ती रक्कम त्यांनी क्रोहर्स्ट यांच्या पत्नीला व मुलांना देऊन टाकली.