पडद्यावरील गुलामगिरी आणि आपल्या दाराचा इतिहास

(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील विहारांतून मुलांचे रविवारचे वर्ग चालविणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मुलांना अनुबोधपट दाखवून गुलामगिरी, वर्णद्वेष व स्थलांतर यांचा इतिहास शिकवावा, ही आपली सूचना मला मान्य आहे. हा विषय आपणांस परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रो जनतेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. तथापि माझे एक मागणे आहे. अनुबोधपट हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावीच लागते. केवळ ऐकिवात आहे किंवा सांगणारा थोर आहे, एवढ्यावरून काही मानू नका, असे भगवंतांनी कालामांना सांगितले. ते पडद्यालाही लागू आहे.

हेन्री हॅम्प्टन यांची ‘आइज ऑन द प्राइज’ ही मालिका १९८७ साली दाखविली जाऊ लागली. तिच्या पहिल्याच भागात १९५५ साली मिसिसिपीत मारल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलची हकिकत आहे. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवविली, जगाने पाहावे म्हणून! त्याच भागात माँटगोमेरीच्या बसगाड्यांवरील बहिष्कार येतो. डिसेंबर १९५५ पासून डिसेंबर १९५६ पर्यंत तेथील कृष्णवर्णीय माणसे कामावर पायी गेली. येथे चित्र थांबवा आणि फळ्यावर तारीख लिहा : १४ ऑक्टोबर १९५६. नागपुरास बाबासाहेब धम्मदीक्षा घेत होते, तेव्हा माँटगोमेरीतील माणसे अजून चालतच होती. मुलांना ही गोष्ट कोणी सांगत नाही.

दोनच महिन्यांत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मुंबईतील त्यांची अंत्ययात्रा आज आपण पाहू शकतो, ती नामदेवराव व्हटकरांनी कॅमेरा लावला म्हणून. आपल्यापैकी कोणी तो लावला नसता तर? हाही प्रश्न मुलांना करावा.

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) सुमारे तीन तासांचा आहे. तो सलग दाखवाल तर लहान मुले झोपी जातील. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसे मेली, एवढा भाग पुरे. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. टँकर कोठे होते आणि माणसे कोठे पडली, हे मुलांनाच कागदावर काढू द्या.

आता आपल्या दाराशी येऊ. उल्हासनगर म्हणजे युद्धकाळातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांनी तिच्या बराकींत संसार मांडले. १९४९ साली तिला आजचे नाव मिळाले. अजूनही आपण ‘कॅम्प नंबर तीन’ असेच म्हणतो. या लोकांनी घरदार गमावले आणि पापड विकून, दुकाने थाटून पुन्हा उभे राहिले, ही कथा खरी आहे व ती आदराने सांगावी.

पण सिंधमधून ज्यांना निघूच दिले नाही, त्यांचे काय? तेथील सफाई कामगारांची सेवा ‘अत्यावश्यक’ ठरवून त्यांची वाट अडविण्यात आली. ते गेले तर कराचीचे रस्ते व शौचकूप कोण साफ करणार, असा सवाल भारताचे उच्चायुक्त श्रीप्रकाश यांना पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांकडून ऐकावा लागला. १८ डिसेंबर १९४७ रोजी बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून याविरुद्ध तक्रार केली. त्याच पत्रात दुसरीही तक्रार होती. जे अस्पृश्य कसेबसे भारतात पोहोचले, त्यांनाही निर्वासित छावण्यांतून भेदभाव सोसावा लागत होता. एका देशाने त्यांना कामासाठी डांबले आणि दुसऱ्याने जातीसाठी दूर ठेवले. साखळदंड नव्हते, लिलाव नव्हता. परंतु ज्याला काम सोडून जाण्याची मोकळीक नाही, त्याला आपण काय म्हणणार? हा प्रश्न मुलांपुढे ठेवा आणि उत्तराची घाई करू नका.

म्हणून पुढील रविवारी आधी ते पत्र वाचा, मग दिवे मालवा. त्यानंतर मुलांना वही देऊन घरोघर पाठवा. अंबरनाथच्या आयुध कारखान्यात आजोबा कोठून आले, कोणत्या कामावर लागले? बदलापुरास घर केव्हा घेतले, गाव का सोडले? कॅम्पातील सिंधी शेजाऱ्यांकडेही जावे, आणि बराकींतील शौचकूप कोण साफ करीत असे, हे विचारण्यास संकोचू नये. उत्तरे मिळतील तशी, सांगणाऱ्याच्या शब्दांत उतरवून घ्या. ज्याच्या खिशात मोबाइल आहे त्याने चित्रणही करावे. मात्र ज्याचे चित्रण केले त्याला ते आधी दाखवावे.

जयभीम.