मंदावलेल्या लॅपटॉपची परीक्षा



शाळेतील लॅपटॉप मंद चालू लागला की बहुतेक ठिकाणी त्यावर एकच निकाल दिला जातो: यंत्र जुने झाले. त्यानंतर ते कपाटात जाते. पुष्कळदा ते गावाच्या लोकवर्गणीतून आलेले असते आणि दुसऱ्यासाठी त्याच ग्रामस्थांपुढे पुन्हा उभे राहणे मुख्याध्यापकास अवघड वाटते. मग यू-डायसची माहिती भरण्याकरिता तालुक्याच्या दुकानात पैसे मोजून बसावे लागते व मुलांच्या वाट्याचा पडदा कोरा राहतो. अशा यंत्रांपैकी काही खरोखरच जीर्ण झालेली असतात. परंतु काहींचा प्रोसेसर धडधाकट असून त्यास केवळ रोखून धरलेले असते, आणि तो अडथळा शिक्षकास स्वतः शोधून काढता येण्याजोगा असतो.

प्रोसेसर म्हणजे यंत्रातील सर्व आकडेमोड करणारा भाग. त्याची गती गिगाहर्ट्झमध्ये सांगतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास १०० कोटी ठोके. ही गती स्थिर नसते. २०१७ साली बाजारात आलेला इंटेलचा कोअर आय-५ ८२५०-यू हा प्रोसेसर घ्या. त्याची मूळ गती १.६ गिगाहर्ट्झ असून काम पडल्यास तो ३.४ पर्यंत चढतो, आणि काम नसताना वीज वाचविण्यासाठी मूळ गतीच्याही खाली उतरतो. यास्तव रिकाम्या यंत्रात कमी आकडा दिसला तर तो दोष समजू नये.

कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात सीपीयू निवडले की वापराची टक्केवारी, चालू गती व मूळ गती असे आकडे दिसतात. यंत्रास चार-पाच कामे एकदम लावून ते पाहावेत. वापर भरपूर आणि गती मूळ आकड्याइतकी किंवा त्याहून अधिक असेल, तर प्रोसेसर प्रामाणिकपणे राबतो आहे. दोष अपुऱ्या मेमरीत, मंद हार्ड डिस्कमध्ये किंवा नको असलेल्या प्रोग्रामांच्या गर्दीत शोधावा. उलट वापर शंभर टक्क्यांजवळ जाऊनही गती ०.४ किंवा ०.८ वर खिळून राहिली, तर प्रोसेसर रोखला गेला आहे असे धरावे. मागच्या बाकावरून फळा न दिसणाऱ्या मुलास मंदबुद्धी ठरविण्याची चूक शाळेत पूर्वी पुष्कळ होत असे. येथेही प्रकार तोच आहे.

रोखण्याचे परिचित कारण उष्णता. वर सांगितलेल्या प्रोसेसरची तापमानाची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. त्या सुमारास तो स्वतःच्या रक्षणार्थ आपली गती कमी करतो. याची खूण अशी की यंत्र प्रथम ठीक चालते, दहा-पंधरा मिनिटांनी मंदावते व पंखा घोंघावू लागतो. खडूची धूळ आणि सतरंजीवर यंत्र ठेवण्याची सवय या दोहोंमुळे खालच्या झरोक्यांतून हवा मिळेनाशी होते. यंत्र बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने झरोके साफ करावेत व ते टणक पाटावर ठेवावे. आतील वाळलेला उष्णतावाहक लेप बदलणे मात्र कारागिराचे काम होय.

दुसरे कारण फारसे कोणास ठाऊक नसते. ते म्हणजे अ‍ॅडॉप्टर. कित्येक लॅपटॉपांच्या अ‍ॅडॉप्टरच्या पिनेत मध्यभागी एक बारीक काडी असते. तिच्यावाटे यंत्र अ‍ॅडॉप्टरची ओळख पटवून घेते: हा ६५ वॉटचा की ४५ वॉटचा? काडी वाकली, बारीक तार तुटली किंवा मूळ अ‍ॅडॉप्टरऐवजी स्वस्तातला आणला, तर उत्तर मिळत नाही. मग पुरेशी वीज नाही असे मानून यंत्र प्रोसेसरला अगदी खालच्या गतीवर डांबते. काही यंत्रे बॅटरीही भरत नाहीत. काही यंत्रे सुरू होताना अ‍ॅडॉप्टर ओळखता आला नाही अशी सूचना देतात, आणि ती न वाचताच कळ दाबून घालविली जाते!

याची परीक्षा सोपी आहे. यंत्र थंड असतानाही गती खिळलेली असेल, तर अ‍ॅडॉप्टर काढून ते बॅटरीवर चालवावे. गती वर चढली, तर संशय अ‍ॅडॉप्टरवर किंवा तो जोडण्याच्या खाचेवर घ्यावा. नवा विकत घेण्यापूर्वी केंद्रातील शेजारच्या शाळेकडून त्याच कंपनीचा, तितक्याच वॉटचा अ‍ॅडॉप्टर दहा मिनिटांसाठी मागून आणून खात्री करावी. संपलेल्या बॅटरीमुळेही काही यंत्रे मंदावतात. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र प्रयोग न करता यंत्र बंद करून मुलांपासून दूर ठेवावे; ती दाबल्यास किंवा टोचल्यास पेट घेऊ शकते.

कधी कारण केवळ मांडणीचे असते. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा कोणीतरी वीज वाचविण्यासाठी उतरविलेली असते. ती १०० टक्के करावी. काही यंत्रांत ही ओळ दिसत नाही. तेथे विजेच्या काटकसरीचा पर्याय बदलून पाहावा.

गती रोखणारा इशाराच बंद करणारे प्रोग्रामही मिळतात. शाळेच्या यंत्रावर ते वापरणे शहाणपणाचे नाही. अ‍ॅडॉप्टर खरोखरच कमी वॉटचा असेल तर त्याच्यावर भार पडून तो तापतो.

एवढे करूनही यंत्र सुधारले नाही तर ते कारागिराकडे द्यावे, पण रिकाम्या हाताने नव्हे. थंड असताना व पंधरा मिनिटांनंतर, अ‍ॅडॉप्टरवर व बॅटरीवर, वापर आणि गती यांचे आकडे कागदावर लिहून सोबत द्यावेत. पुष्कळ दुकानांत प्रथम फॉरमॅट करण्याची रीत आहे. त्याने अ‍ॅडॉप्टरची काडी सरळ होत नाही, मात्र मुलांच्या नोंदी पुसल्या जातात; म्हणून त्यांची प्रत आधी पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी. आकड्यांच्या कागदाची एक नक्कल जडवस्तू नोंदवहीत चिकटवावी, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव करायचाच असेल तर तो त्यानंतर करावा.