दाणा न फोडता



ज्या बुलढाणा जिल्ह्यात हरभरा, तूर आणि कापूस यांवर घराचे वर्ष उभे राहते, तेथे कीटकाची ओळख हा केवळ प्राणिशास्त्राचा विषय राहत नाही. कारण भुंगेऱ्याची अळी दाण्यावर चिकटवलेल्या अंड्यातून निघून थेट आत शिरते, गर खात वाढते, आणि प्रौढ कीटक गोल भोक पाडून बाहेर येईपर्यंत दाणा वरून बहुधा निरोगीच दिसतो. तो न फोडता क्ष-किरणांनी आतील कीड शोधणे, यास अविनाशी क्ष-किरण चित्रण म्हणतात. राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेले हे किरण येथे मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे वापरतात, कारण प्रखर किरण कीटकाच्या अस्थिहीन देहातून आरपार जातात आणि चित्रात भेद उमटत नाही. भरीव गर उजळ, पोखरलेली पोकळी काळसर, आणि तीत वळून पडलेली अळी असे चित्र मिळते. राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरो, ज्याचे एक प्रादेशिक केंद्र शेजारच्या अकोल्यात आहे, परदेशी बियाण्याच्या तपासणीत ही पद्धत वापरतो; नमुन्यात बी मोजकेच असते, ते कापल्यास पेरण्यास काय उरणार? कीटकाची जात ओळखण्यासाठी अनेकदा नराचे जननांग कापून काढावे लागते. आता कीटक न कापताही, तो फिरवत घेतलेल्या शेकडो क्ष-किरण चित्रांतून संगणक त्याची त्रिमिती आकृती रचतो.

प्रस्तुत वक्त्याची याविषयीची पहिली तयारी मात्र याच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत झाली, जेथे काचपेट्यांना डांबरगोळ्यांचा वास येई आणि जेथे झुरळाच्या विच्छेदनापूर्वी गुरुवर्य कात्री हाती न देता अर्धा तास नुसते पाहावयास, आणि पाहिलेले वहीत उतरवावयास लावीत. आधी पाहावे, मग हात लावावा. तरुणांनी रोज एक तरी गोष्ट अशी पाहावी आणि त्याच दिवशी लिहावी, कारण मोबाइलमध्ये छायाचित्र साठवणे म्हणजे पाहणे नव्हे. पुन्हा सांगावेसे वाटते: आधी पाहावे. पुढील रांगेतील मातांना हे शिकवावे लागत नाही. सुपात हरभरा पाखडताना पोकळ दाणा हलका म्हणून पुढे सरकतो हे त्यांचे हात जाणतात, आणि क्ष-किरणही घनतेतील तोच फरक दाखवतात.

ते गुरुवर्य आज त्याच रांगेत, उजव्या टोकाला बसले आहेत. त्यांच्या लाल शाईच्या दुरुस्त्यांसह ती वही येथे आणली आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवण्यासाठी ती त्यांनी स्वीकारावी.