टरफल आईचं, अंकुर दोघांचा

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात यांची गावरान बियाणी जपली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि घरच्या बियाण्याकडे शहरातल्या लोकांचंही लक्ष गेलं. पण बियाणं जपायचं म्हणजे वाळवून, राख चोळून मडक्यात भरायचं, एवढंच आपण धरून चालतो. राखेनं कीड आवरते. फुलातला संकर आवरत नाही.

मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: "पांढरा घेवडा पेरला, यंदा आसपास दुसरा घेवडाच नव्हता, तरी एका वेलाला तांबूस ठिपक्यांचे दाणे कसे?"

घेवड्याचं फूल बोटांनी उकलून पाहा. खालच्या दुमडलेल्या पाकळीच्या आत केसर गुंडाळलेले असतात. फूल उमलण्याच्या सुमारासच पराग आतल्या आत सांडतो, म्हणून बहुतेक शेंगा स्वतःच्याच परागावर धरतात. पण एखादा जड काळा भुंगा पाकळीवर टेकला की ती दबते, स्त्रीकेसराचं टोक बाहेर येतं आणि भुंग्याच्या अंगावरचा परका पराग त्या टोकाला लागतो. असं क्वचितच घडतं, पण घडतं. तुरीत तर सर्रास घडतं.

आता खरी मेख. दाण्याचं टरफल हा आईच्या वेलाचा भाग. आतला अंकुर मात्र आईबाप दोघांचा. त्यामुळे संकर झाला त्या वर्षी दाणा हुबेहूब आईसारखा दिसतो. तो पेरला की उगवणारा वेल संकरित, आणि त्याच्या झाडून साऱ्या शेंगांत नव्या रंगाचे दाणे. कधी कधी तो रंग आईचाही नसतो, बापाचाही नसतो. तेव्हा यंदाच्या शेजाऱ्याला बोल लावू नका. भुंगा गेल्या वर्षी येऊन गेला. आणि ते दाणे पेरले की पुढच्या वर्षी वेलागणिक रंग फुटतात.

वाटाण्यात हे आणखी लवकर कळतं. गोल की सुरकुतलेला हे आतल्या अंकुरावर ठरतं, म्हणून एकाच शेंगेत दोन्ही प्रकारचे दाणे सापडतात. ग्रेगोर मेंडेलनं ब्रनोच्या मठात संकरित वाटाण्याचे असेच दाणे मोजले: ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. वाटाणा सहसा परका पराग घेत नाही म्हणूनच त्यानं तो निवडला. तरी एक भुंगेरा फुलाची दुमडलेली पाकळी उघडून घोटाळा करू शकतो, हेही त्यानं नोंदवून ठेवलं आहे.

वेगळा दाणा दिसला म्हणून तो डाळीत ढकलू नये, असं माझं ठाम मत आहे. निराळी पुडी करा, वर वर्ष लिहा, निराळ्या वाफ्यात लावा. त्यातून चांगला वाण निघू शकतो. मूळ वाण मात्र शुद्धच राहिला पाहिजे. त्यासाठी दोन घेवड्यांच्या मध्ये एखादं उंच पीक घ्या, किंवा बियाण्यासाठी राखलेल्या फांदीला कळ्या मिटलेल्या असतानाच मलमलीची पिशवी बांधा. पिशवीतही शेंग धरते.

आणि एक विनंती. पेरणीच्या वेळी जुनी पुडी झटकून रिकामी करू नका. संकर एक वर्ष उशिरा दिसतो. तो दिसेल तेव्हा परत जायला, संकर झाला त्याच्याही आधीच्या वर्षाचे मूठभर दाणे घरात हवेत.