परमुलखातील पाहुणे

फुटबॉलचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो शहरात झाला. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यातील त्या लढतीत एकही गोल झाला नाही. परंतु एका दीर्घ चुरशीचा आरंभ मात्र त्या दिवशी झाला. दोन्ही देश एकाच राजछत्राखालचे. सरहद्दीवर ना पहारा, ना पारपत्राची तपासणी. तरीही सामन्यासाठी लंडनला निघालेला स्कॉटिश मनुष्य आपण परमुलखातच चाललो आहोत, अशा भावनेने घर सोडीत असे.

लंडनचे वेम्ब्ली क्रीडागार १९२३ साली उघडले. पुढे दर दोन वर्षांनी हा सामना तेथे होऊ लागला. ग्लासगोहून लंडन सुमारे चारशे मैल. गोदीत, खाणीत वा पोलादाच्या कारखान्यात राबणाऱ्याच्या एका आठवड्याच्या वेतनात हा प्रवास कोठून होणार? म्हणून कामावरचे सोबती आणि गुत्त्यातील मित्र एकत्र येत आणि दर आठवड्याला थोडी रक्कम बाजूला टाकीत. दोन वर्षांत गाडीभाडे आणि लंडनचा खर्च जमे. आपल्याकडच्या भिशीशी जवळचे नाते सांगणारी ही रीत. सामना नव्वद मिनिटांचा, पण त्याची तयारी दोन वर्षांची. आणि त्या तयारीतच स्नेहाची गाठ पक्की होई.

या कष्टाचे चीज कधी कधी होईही. ३१ मार्च १९२८ रोजी पावसाने भिजलेल्या वेम्ब्लीवर स्कॉटलंडने इंग्लंडला ५-१ असे हरविले. १९६६ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल १९६७ रोजी, स्कॉटलंडने त्या जगज्जेत्यांना त्यांच्याच अंगणात ३-२ असे नमविले.

परंतु विजयाची धुंदी पराभवाच्या दुःखाहून आवरण्यास कठीण असते. ४ जून १९७७ रोजी स्कॉटलंडने २-१ असा विजय मिळविताच हजारो प्रेक्षक मैदानात घुसले. गोलचे खांब मोडले, हिरवळीचे तुकडे कापून घरच्या बागेत लावण्यासाठी नेले. नेणाऱ्यांना ती प्रेमाची आठवण वाटली. ज्यांचे मैदान होते, त्यांना ती लूट वाटली. १९८१ साली तर इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने स्कॉटिश प्रेक्षकांना तिकिटे न देण्याचेच ठरविले. तरी ते मोठ्या संख्येने आलेच! पण यजमान दार लावून घेतो आणि पाहुणा तरीही आत शिरतो, यात पाहुण्याची शोभा ती काय?

पुढे जे घडले, ते अधिक विचार करण्याजोगे आहे. १९८० साली ग्लासगोमध्ये स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यानंतर दोन संघांच्या समर्थकांची मैदानावरच दंगल झाली आणि त्यानंतर स्कॉटलंडमधील मैदानांवर मद्याला कायद्याने बंदी आली. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हायझेल क्रीडागारात, लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या सामन्यापूर्वी झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसे मृत्युमुखी पडली. इंग्रज क्लबांना युरोपातील स्पर्धांची दारे काही वर्षे बंद झाली. आपण त्या वाटेचे नव्हेत, हे परक्यांना दाखवून देण्याची ईर्ष्या स्कॉटिश प्रेक्षकांत याच काळात बळावली, असे अभ्यासक म्हणतात. चांगुलपणाच्या मुळाशीही जुनी चुरस असावी, ही गंमतच म्हणावयाची. पण फळ गोड निघाले. १९९२ साली स्वीडनमधील युरोपीय स्पर्धेत त्यांच्या सद्वर्तनाचा युरोपीय फुटबॉल महासंघाने गौरव केला. रंगीत चौकड्यांचे घागरे नेसून, मशकवाद्ये वाजवीत येणारी ही ‘टार्टन सेना’ आता गावोगावी स्वागतास पात्र ठरू लागली.

आणि हे सारे कोणत्या यशाच्या बळावर? १९५४ ते १९९८ या काळात स्कॉटलंडचा संघ आठ वेळा विश्वचषक स्पर्धेत उतरला आणि आठही वेळा पहिल्याच फेरीतून परतला. १९७४ साली तर एकही सामना न हरता त्याला घरी यावे लागले. त्यानंतरच्या स्पर्धेची पात्रता मिळविण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडला. मधली सत्तावीस वर्षे ही मंडळी केवळ जयाच्या आशेने हिंडत राहिली असती, तर केव्हाच थकली असती. त्यांना चालते ठेवले ते सोबतीने.

अतिथीला देव मानावे, हा उपदेश आपल्या परंपरेने यजमानाला केला. पण ज्याला देव मानले, त्याने त्या घरी कसे वागावे, हा प्रश्न उरतोच. या प्रेक्षकांपैकीच काहींनी एक धर्मादाय निधी उभारला आहे. २००३ पासून स्कॉटलंडचा संघ ज्या ज्या परदेशी खेळावयास जातो, तेथील गरजू मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला हा निधी देणगी देतो. संघ जिंको वा हरो, देणगी ठरलेली. ज्यांच्या आधीच्या पिढीने परक्या मैदानाची हिरवळ कापून आणली, ते आता परक्या गावी काहीतरी ठेवून येतात.